डावखुरा खुनी

आमच्या बाईंना सिनेमाचं वेड होतं, असं कुणी म्हणालं तर मी आजही भांडायला उठते. वेड आम्हाला होतं. बाई सिनेमा बघत नसत, तपासत असत. नायिका घाबरून जिना चढायला लागली की आमचा जीव टांगणीला लागायचा, आणि शेजारून बाईंचा आवाज यायचा, "मघाशी पायऱ्या अकरा होत्या, आता चौदा झाल्या. लबाड आहेत मेले."

त्यांना मी बाईच म्हणणार, नाव सांगणार नाही. त्यांना स्वतःलाच आपलं नाव फारसं लागत नसे. "नाव हाक मारायला असतं," त्या म्हणायच्या, "आणि मला हाक मारायची वेळ कुणावर येत नाही. मी आधीच तिथे पोहोचलेली असते." हे अगदी खरं होतं. वर्गात गडबड व्हायच्या आधी बाई दारात उभ्या. आपली छत्री हरवली हे आपल्याला कळायच्या आधी बाई ती घेऊन समोर हजर, वर दोन शब्द ऐकवायला तयार.

बाई मूळच्या धारच्या. वडील संस्थानच्या दफ्तरात. चौदाव्या वर्षी कपाळ पांढरं झालं, त्यावर त्यांनी वडिलांना एवढंच सांगितलं म्हणे, की आता मला भूमिती शिकवा. इंदूरला शिकून त्या देवासला मुलींच्या शाळेत गणित शिकवायला आल्या आणि पुढे तिथेच हेडमास्तरीण झाल्या. मी त्यांच्या हाताखाली लागले तेव्हा संस्थानं विलीन होऊन दोनेक वर्षं झाली असतील. मी बावीस वर्षांची, मामा-मामींकडे राहायची, नोकरी कच्ची. बाई नऊवारी लुगडं नेसत, पायात पुरुषी बूट घालत आणि पेन्सिलींच्या लाकडी पेटीत शेव ठेवत. पेन्सिली कुठे ठेवत ते मला शेवटपर्यंत कळलं नाही.

त्या शेवेचीही एक गंमत होती. सिनेमा चालू असताना बाई अंधारात शेव खात, कुरूम कुरूम. पडद्यावरचं एखादं माणूस खोटं बोलायला लागलं की कुरकुर थांबायची. अमेरिकन इंग्रजी त्यांना कळत नसे. तोंडात बटाटा धरून बोलतात म्हणायच्या. तरी खोटं बोलणारा त्यांना अचूक सापडायचा. आम्ही पडद्याकडे कमी आणि बाईंच्या शेवेकडे जास्त कान देऊन बसायचो. शेव थांबली की मामी माझ्या मांडीला चिमटा काढून कुजबुजायच्या, "हाच बरं का मेला!"

शाळेत मात्र बाईंचा एकच प्रश्न असे. कुणी येऊन म्हणालं, "बाई, मी पाहिलं, हिने माझी वही फाडली," की बाई चष्म्यावरून बघत विचारायच्या, "कुठे उभी राहून पाहिलंस?" मग त्या पोरीला तिथे नेऊन उभी करायच्या, स्वतः तिच्याशेजारी वाकायच्या, आणि तिथून काय दिसतं आणि काय दिसत नाही ते बघायच्या. अर्धी भांडणं तिथेच मिटायची. उरलेल्या अर्ध्यांत दोघींनाही छडी मिळायची, कारण दोघी खोटं बोलत असायच्या.

मांडूच्या सहलीत त्यांनी गाइडची पार भंबेरी उडवली. तो बिचारा रोजचं पाठ केलेलं म्हणत होता, की राणी इथून सकाळी नर्मदेचं दर्शन घ्यायची आणि मगच अन्नाला शिवायची. बाई तिथे जाऊन उभ्या राहिल्या, डोळ्यांवर तळहात धरून लांबवर बघितलं आणि म्हणाल्या, "पावसाळाभर इथे धुकं असतं म्हणून आत्ताच सांगितलंस ना रे? मग राणी चार महिने उपाशी?" गाइड म्हणाला, "बाईसाब, वो तो रानी थी!" बाई म्हणाल्या, "पोट राणीलाही असतं, भिया." पुढे दिवसभर त्याने आम्हाला सीताफळं कुठे चांगली मिळतात एवढंच दाखवलं.

आता पडद्याचं सांगते, कारण त्याच्यावाचून पुढचं कळायचं नाही.

आमची शाळा संस्थानच्या एका जुन्या दरबारी इमारतीत भरायची. तिथल्या, झुंबर आणि आरसा अजून शाबूत असलेल्या मोठ्या हॉलमध्ये महिन्याच्या शेवटच्या शनिवारी दुपारी सिनेमा असे आणि न आलेल्यांसाठी रविवारी दुपारी पुन्हा. मशीन आणि रिळं इंदूरहून बसने यायची. खिडक्यांवर काळी कापडं सोडायची आणि हॉलच्या मधोमध मलमलीचा पांढरा पडदा टांगायचा. पडद्याच्या एका बाजूला मशीन आणि पुरुष. दुसऱ्या बाजूला आम्ही बायका. महाराजांच्या काळात राणीवशाने पडद्यामागूनच चित्र बघायचं अशी चाल होती. राज्य गेलं, तोफांची सलामी गेली, हत्ती विकले गेले, पण बायका पडद्यामागे त्या मागेच. शाळा कमिटीचे सेक्रेटरी म्हणजे जुने मानकरी. त्यांना ही चाल मोडायचा विचार स्वप्नातही आला नसता.

खेळाआधी धापूबाई बादली घेऊन यायची आणि ओंजळीने पाणी मारून मलमल ओली करायची, म्हणजे चित्र आरपार यायचं. धापूबाई आमच्या शाळेची चपराशीण. माळवी, राजगढकडची, एकटी बाई. शाळेच्या मागच्या अंगाला तिला एक खोली दिलेली होती, तेवढंच तिचं जग. ती कमी बोलायची. पाणी मारताना मात्र पुढच्या रांगेतल्या मानकरीणबाईंच्या शालूवर चार थेंब हमखास पडायचे, आणि ते चुकून पडत होते असं मला वाटत नाही.

मागून बघायचं म्हणजे पडद्यावरची अक्षरं उलटी दिसायची. त्याचं आम्हाला काहीच वाटत नसे. आमच्या वरच्या वर्गातल्या पोरी उलटं इंग्रजी सुलट्यापेक्षा भराभर वाचायच्या.

तर त्या शनिवारी इंदूरहून जे आलं ते भलतंच होतं. सेक्रेटरीसाहेबांनी काहीतरी संतचरित्र मागवलं होतं म्हणे. आला तो तासाभराचा, दोन रिळांचा इंग्रजी खुनाचा सिनेमा, कुणी कधी नाव न ऐकलेला. नटनट्याही अनोळखी. सगळा काळोख, हॅटी, सिगारेटचा धूर आणि ओले रस्ते. एका म्हाताऱ्या घड्याळजीचा खून होतो आणि त्याच्या दुकानात येणाऱ्या चौघांवर संशय जातो. आम्हाला वाटलं, पाच मिनिटांत कंटाळून उठू. कसलं काय! हॉलमध्ये टाचणी पडली तरी ऐकू आलं असतं. बाईंची शेव तर पहिल्या रिळात सात वेळा थांबली.

शेवटी काय होतं, तर घाव भलत्याच हाताने घातलाय हे जखमेवरून ओळखून पोलीस अधिकारी चौघांना एका खोलीत बसवतो, प्रत्येकाला सिगारेट देतो आणि काडेपेटी मधे ठेवतो. तिघं एका हाताने काडी ओढतात. चौथा दुसऱ्या हाताने. अधिकारी त्याच्या खांद्यावर हात ठेवतो आणि खेळ खलास.

आम्ही बायका बाहेर आलो त्या हळहळतच. आम्हाला जे दिसलं ते असं, की त्या गावात झाडून सगळे डावखुरे. डाव्या हाताने सह्या करतात, डाव्या हाताने हात मिळवतात. आणि त्यात एकटा तो चौथा, आपल्यासारखा उजव्या हाताने काडी ओढणारा. त्यालाच धरलं!

घरी येईस्तोवर मामींना राहवलं नाही. "एवढ्या डावखुऱ्यांत तो एकटा सरळ वळणाचा माणूस," त्या पदराने डोळे टिपत म्हणाल्या, "त्यालाच फासावर देतायत. न्याय म्हणून राहिला नाही जगात."

मामा टोपी काढता काढता थबकले. "काय बोलतेस? तोच एकटा डावखुरा होता! म्हणून तर सापडला!"

"मला डोळे नाहीत का?"

"डोळे आहेत, पण..."

"मग झालं तर!"

त्या संध्याकाळी मामांना बिनमिठाचं वरण मिळालं. आणि एकट्या मामांनाच नव्हे. देवासात थोरली पाती आणि धाकटी पाती अशी एकाच गावात दोन राज्यं होती तेव्हासुद्धा इतकी घरं भांडली नसतील.

बाईंना मात्र हे शाळेच्या पायऱ्यांवरच उमगलं होतं. पुरुषांच्या घोळक्यातून कुणीतरी "साला डावखुरा!" म्हणालं ते त्यांच्या कानावर पडलं. त्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग एकदम मोठ्याने हसल्या, इतक्या की टांगेवाला वळून बघायला लागला. "अगं, उलटं!" त्या माझा दंड धरून म्हणाल्या. "इतकी वर्षं आपण सगळं उलटं बघतोय! अक्षरं उलटी दिसतात हे शेंबड्या पोरीलाही ठाऊक. मग माणसंही उलटीच दिसणार, हे एकीच्याही टाळक्यात शिरलं नाही. माझ्याही नाही! भूमिती शिकवते मी, भूमिती!"

आणि तशाच तरातरा सेक्रेटरीसाहेबांपुढे जाऊन म्हणाल्या, "उद्याच्या खेळाला मी पुढच्या बाजूला बसणार."

"बाई, लोक काय म्हणतील?"

"मला बघायचंय. लोकांनी त्यांना हवं ते म्हणावं."

साहेब म्हणाले, कमिटीला विचारून सांगतो. म्हणजे नाही.

इथवर सगळी मजाच होती. पुढचं सांगायला मला अजून जड जातं, पण सांगते.

बाईंचं म्हणणं मला पटलं नव्हतं. पटलं नव्हतं म्हणजे, पटवून घ्यायचं नव्हतं. दोन वर्षं मी त्यांच्याकडून "कुठे उभी राहून?" ऐकत आले होते. एकदा तरी बाई चुकल्या असं मला बघायचं होतं. खरा हात कुठला, हे फिल्मवरच दिसेल की! रविवारी सकाळी मी वह्यांचं निमित्त करून शाळेत गेले. हॉल झाडायला उघडा होता. मशीनवाला इंदूरचा माणूस सासुरवाडीला गेलेला. मी डब्यातून दुसरं रीळ काढलं, कोपऱ्यातल्या खिडकीचं काळं कापड बाजूला केलं आणि फिल्म उजेडात धरली.

इवलीइवली चित्रं. काडेपेटी सापडली, चौथा माणूसही सापडला. काडी डाव्या हातात. म्हणजे बाई बरोबर? मी फिल्म उलटी फिरवून धरली. काडी उजव्या हातात! पारदर्शक वस्तूला सुलटी बाजू कुठली हे मला कोण सांगणार होतं? माझ्या अकलेचं मला हसू आलं, आणि त्या हसण्यातच रीळ हातातून निसटलं. ते घरंगळत निघालं, फिल्म खिडकीच्या कडीत अडकली आणि टर्रकन फाटली. जमिनीवर हा एवढा गुंता झाला.

मी काय करायला हवं होतं ते तिसरीतली मुलगीसुद्धा सांगेल. मी तो गुंता गोळा केला, हॉलच्या कोपऱ्यात हत्तीच्या झुलींची एक जुनी पेटी होती तिच्यात कोंबला, रिकामा डबा होता तिथे ठेवला आणि घरी जाऊन मामींच्या पोळ्या लाटू लागले.

दुपारी मशीनवाल्याने डबा उघडला आणि बोंब झाली. साहेब आले, कमिटीचे दोघे आले, बाई आल्या, मला बोलावणं आलं. चौकशी सुरू झाली. आमचे कारकून तात्या पुढे झाले. तात्यांचं ऑफिसातलं टेबल व्हरांड्याच्या पलीकडे, हॉलच्या दारासमोर. अकरा वर्षं त्याच खुर्चीवर, खेळाच्या रविवारीसुद्धा.

"मी बघितलं ना भिया, आपल्या डोळ्यांनी," तात्या म्हणाले. "साडेनऊच्या सुमारास. एक बाई खिडकीपाशी कापड बाजूला करून काहीतरी उजेडात बघत होती. तोंड नाही दिसलं, पाठमोरी होती. आत काळोख, रंगही कळला नाही. पण पदर साफ दिसला. उजव्या खांद्यावर."

आणखी काही बोलायची गरजच नव्हती. आम्ही मराठी बायका पदर डाव्या खांद्यावर घेतो. माळवी बायका उजव्या. आणि त्या अख्ख्या इमारतीत माळवी बाई एकच.

"म्हने हात बी नी लगायो, साब," धापूबाई म्हणाली. दोनदा म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणालीच नाही.

साहेब तिला म्हणाले, "उद्या दुपारपर्यंत खोली खाली कर." एवढंच. रागावलेसुद्धा नाहीत. पुसायचा फळा पुसावा तसं.

मी तिथे होते. चार हात अंतरावर उभी होते. माझ्या तोंडाशी शब्द आला होता, शपथ घेऊन सांगते, पण नोकरी कच्ची, मामा काय म्हणतील, लोक काय म्हणतील, असं करत मी तो गिळला. मी भित्री होते. दुसरा शब्द नाही त्याला.

 सगळे गेल्यावर बाई तात्यांच्या खुर्चीत जाऊन बसल्या. बराच वेळ बसल्या. एकदा उठून हॉलमध्ये गेल्या, परत आल्या, पुन्हा बसल्या. मी घरी निघाले तेव्हा म्हणाल्या, "उद्या सकाळी आठला ये. साहेबांना बोलावलंय." माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही.

त्या रात्री मला झोप लागली असं म्हणाले तर तुम्ही विश्वास ठेवू नका.

सोमवारी सकाळी सगळे जमले. हॉल कालच्यासारखाच ठेवलेला होता, काळी कापडं खाली, पडदा मधे टांगलेला. बाईंनी तात्यांना त्यांच्या खुर्चीत बसवलं, साहेबांना त्यांच्या मागे उभं केलं आणि मला म्हणाल्या, "तू जा. कोपऱ्यातल्या खिडकीपाशी उभी राहा, कापड बाजूला कर आणि उजेडाकडे तोंड कर."

तिथे आणखी दोन शिक्षिका होत्या. बाईंनी मलाच का पाठवलं, असं तेव्हा कुणालाच वाटलं नाही. मला वाटलं. मी गेले. काल जिथे उभी होते तिथेच, तशीच उभी राहिले. फक्त हातात काही नव्हतं.

"हां!" तात्या ओरडले. "अगदी हीच! म्हणजे, अशीच! बघा साहेब, उजव्या खांद्यावर पदर!"

"दिसतोय," साहेब म्हणाले.

"आता इकडे ये," बाई म्हणाल्या.

मी व्हरांड्यात आले. माझा पदर डाव्या खांद्यावर होता, जन्मभर असतो तिथेच. साहेबांनी माझ्याकडे बघितलं, हॉलकडे बघितलं, पुन्हा माझ्याकडे.

"तात्या," बाई म्हणाल्या, "तुमच्या खुर्चीतून ती खिडकी दिसतच नाही. मधे पडदा येतो. तुम्हाला दिसते ती पडद्याच्या कडेपलीकडची भिंत, आणि त्या भिंतीवर आहे महाराजांचा आरसा. अकरा वर्षं तो तुमच्या समोर आहे, त्यामुळे तो आरसा आहे हे तुम्ही विसरून गेलात. आम्ही पडद्यामागच्या बायका विसरलो, तसंच. आरशात उजवा पदर दिसला म्हणजे बाईचा पदर डावा होता. धापूबाई असती तर तुम्हाला डावा दिसला असता."

तात्यांनी स्वतः उठून चार वेळा बघितलं. धापूबाईला बोलावून खिडकीपाशी उभं केलं, तिचा पदर खरंच डावीकडे दिसला. तात्यांचा चेहरा पडला. मनाने वाईट माणूस नव्हता तो. "माफ कर हो," असं काहीतरी पुटपुटला, आणि धापूबाई हॉलच्या मागच्या दाराने बाहेर पडून व्हरांड्याच्या टोकाला खांबाआड उभी राहिली.

साहेब मिशी ओढत होते. "म्हणजे बाई, तुमचं म्हणणं," ते हळू आवाजात म्हणाले, "की ती आपल्यातली कुणीतरी होती?"

"पदर डावा होता एवढं मी सिद्ध केलं. पुढचं तुम्ही बघा."

साहेबांनी क्षणभर विचार केला. मग एकदम मोकळं हसून म्हणाले, "जाऊ द्या हो. जुनी इमारत आहे. रीळ उंदरांनी ओढून नेलं असेल. कशाला उगाच वाढवायचं!"

"काल उंदीर नव्हते का?" बाईंनी विचारलं.

मी बाईंना कधी रागावलेलं पाहिलं नाही असं नाही, रोज पाहायची. पण असा थंड आवाज पुन्हा कधी ऐकला नाही. साहेब दुसरीकडे बघायला लागले. कमिटीच्या माणसांनी घड्याळं काढली. चौकशी संपली होती.

तेव्हा मी बोलले. "उंदीर नाही. मी. रीळ झुलींच्या पेटीत आहे. माझ्या हातून फाटलं."

वाटलं होतं, धरणी दुभंगेल. तर कसलं काय! साहेब म्हणाले, "असू दे, असू दे. पोरवय आहे, चुकून होतं. सांगितलंस हे चांगलं केलंस हो." एका माणसाने तर माझं कौतुक केलं. मशीनवाल्याने फिल्मचे तुकडे जोडले, दहा मिनिटांचं काम. आणि त्या गडबडीत बाईंनी साहेबांकडून रविवारचा चुकलेला खेळ पुढच्या शनिवारी कबूल करवून घेतला, बायकांनी पुढच्या बाजूला बसायचं या अटीवर. साहेब त्या घटकेला कशालाही हो म्हणाले असते, हे बाईंनी बरोबर ओळखलं होतं. त्या शनिवारी मामींनी तो चौथा माणूस डाव्या हाताने काडी ओढताना बघितला आणि घरी येऊन मामांना एवढंच म्हणाल्या, "तरी मला तो चांगलाच वाटतो."

पण ते शनिवारचं. त्या सोमवारी सगळे पांगल्यावर मी बाईंपुढे जाऊन उभी राहिले. मला वाटलं, आता बोलणी बसतील. मला ती हवीच होती. बाई पेटी उघडून शेव बघत होत्या, खात नव्हत्या. म्हणाल्या, "माझ्यापुढे काय उभी राहिलीस? धापूबाईकडे जा."

तिची खोली मी त्याआधी आतून कधी बघितली नव्हती. दोन वर्षांत कधीच नाही. ती जमिनीवर बसली होती आणि समोर बोचकी बांधून ठेवलेली होती, तीन. भांड्यांचं एक, कपड्यांचं एक, आणि एक लहानसं, देवाचं असावं. मी दारातच रडायला लागले. रीळ मी फाडलं, मी काल बोलले नाही, मला माफ कर, असं जे काय सुचेल ते बोलत सुटले. तिने सगळं ऐकून घेतलं.

"म्हारे मालम थो, बेनजी," ती म्हणाली. "हूँ वरंडा में झाडू लगई री थी. म्हने तमके देख्यो थो."

मला आधी कळेचना. "बघितलं होतंस? मग काल का नाही बोललीस?"

"बोली थी नी. बडी बई से बोली थी. काल ज बोली थी."

म्हणजे बाईंना रविवारपासून ठाऊक होतं. त्या तात्यांच्या खुर्चीत बसून कोण ते शोधत नव्हत्या. मी विचारलं, "मग बाईंनी साहेबांना सरळ का नाही सांगितलं?"

"बई बोली, धापू, हूँ तो थारी मानूँ. पण ये लोग थारी नी मानेगा. भींत का काच की मानेगा. सबेर तक ठेर." तिने लहान बोचकं मांडीवर घेतलं. "ने या बी बोली, छोरी खुद बोलेगी तो अच्छो."

"मी बोलले ना पण, धापूबाई," मी म्हणाले. माझा आवाज मलाच केविलवाणा वाटला. "शेवटी बोलले ना मी."

तिने पहिल्यांदाच माझ्याकडे नीट बघितलं. तिच्या बघण्यात राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं.

"हाँ बेनजी, बोल्या," ती म्हणाली. "पण उंदरा का बाद बोल्या."

 मी तिथे खाली बसले, भांड्यांचं बोचकं पुढे ओढलं आणि त्याच्या गाठी सोडायला लागले. गाठी घट्ट होत्या. तिने मला थांबवलं नाही, आणि मदतही केली नाही.